प्रश्न वाचकांचे : विमानतळापुरती फ्रेंच

गेल्या अंकात परदेश प्रवासाच्या तयारीविषयी लिहिताना फ्रेंच भाषक प्रदेशांतील विमानतळांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : विमानतळावर अडू नये इतकी फ्रेंच कोणती आणि ती कशी शिकावी? त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. फ्रेंच शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहिले आहेत. ते मूळ उच्चाराच्या जवळ नेतात, पण तंतोतंत नाहीत. त्याविषयी एका उत्तरात पुढे लिहिले आहे.

प्रश्न : तीन आठवड्यांनी मला मुलीकडे पॅरिसला जायचे आहे. प्रवाशांसाठीच्या एका पुस्तिकेतील दोनशे वाक्ये पाठ करायला घेतली. पन्नासाव्या वाक्याशी पोहोचेपर्यंत पहिली दहा विसरले. आता काय करावे?

उत्तर : ती पुस्तिका तूर्त बाजूला ठेवावी. दोनशे वाक्ये लक्षात राहत नाहीत, हा आपल्या स्मरणशक्तीचा दोष नाही. अशा पुस्तिकांत आपण विचारायचा प्रश्न असतो, समोरून येणारे उत्तर मात्र नसते, आणि माणूस अडतो तो तेथेच. एखादे लांबलचक वाक्य आपण घोटून घोटून बिनचूक म्हटले, की ऐकणाऱ्याला वाटते, यांना फ्रेंच उत्तम येते. मग तो नेहमीच्या वेगाने चार वाक्यांत उत्तर देतो आणि आपल्या हाती त्यातला एखादाच शब्द लागतो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना प्रश्न निवडण्याची एकच कसोटी सांगते : ज्याचे उत्तर आकड्यात, अक्षरात, हो-नाहीत किंवा हाताच्या खुणेने मिळेल, तोच प्रश्न विचारावा.

उदाहरणार्थ, 'माझ्या विमानासाठी मी कोणत्या दिशेने जाऊ' असे विचारण्याऐवजी बोर्डिंग पास पुढे धरून 'से पार इसी?', म्हणजे 'इकडूनच ना?', एवढेच विचारावे. उत्तर 'वी' म्हणजे हो किंवा 'नों' म्हणजे नाही असे येईल, आणि नाही म्हणणारा माणूस बहुधा हाताने योग्य दिशा दाखवेलच. वेळ विचारायची असेल तर 'आ केलर?', म्हणजे 'किती वाजता?'. स्थळ विचारायचे असेल तर 'ऊ ए', म्हणजे 'कोठे आहे', आणि त्यापुढे त्या वस्तूचे नाव : 'ऊ ए ला पोर्त का व्हां-त्र्वा?', म्हणजे 'गेट के २३ कोठे आहे?'. याखेरीज दोन वाक्ये मात्र झोपेतून उठवले तरी म्हणता यावीत. पहिले 'झ न कोंप्रां पा', म्हणजे 'मला समजले नाही'. दुसरे 'व्हू पूव्हे लेक्रीर?', म्हणजे 'लिहून द्याल का?'. या दुसऱ्या वाक्यासाठी खिशात छोटी वही आणि पेन ठेवावे. माझ्या मते पुस्तिकेतील दीडशे वाक्यांचे काम ही वही करते.

दिशांच्या बाबतीत एका फसगतीपासून सावध करते. 'आ द्र्वात' म्हणजे उजवीकडे आणि 'तू द्र्वा' म्हणजे सरळ पुढे. शेवटच्या त-कारापुरताच फरक आहे, आणि गोंगाटात नेमका तोच ऐकू येत नाही. डावीकडे म्हणजे 'आ गोश', त्यात गोंधळ होत नाही. 'द्र्वा' असे काही कानावर आले, की आपण स्वतः हात उजवीकडे करून 'पार इसी?' असे विचारून खात्री करून घ्यावी.

प्रश्न : मागच्या प्रवासात पॅरिसच्या विमानतळावर माहिती कक्षात मी इंग्रजीत, अत्यंत सौम्य शब्दांत चौकशी केली, तरी उत्तर तुटक मिळाले. फ्रेंच येत नाही म्हणून ही माणसे अशी वागतात का?

उत्तर : आपल्याला वाईट वाटले असणार, हे मी समजू शकते. पण चौकशीपूर्वी आपण 'बोंझूर' म्हटले होते का, हे एकदा आठवून पाहावे. फ्रेंच समाजात 'बोंझूर' हा केवळ नमस्कार नाही. बंद दारावर टकटक करून 'आत येऊ का' असे विचारण्यासारखे ते आहे. ते न म्हणता थेट प्रश्न विचारणे म्हणजे दार ढकलून आत शिरणे होय, मग पुढचे शब्द कितीही गोड असोत.

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल २ मध्ये मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगते. रांगेत माझ्या पुढे एक गृहस्थ होते. त्यांनी कक्षाशी पोहोचताच इंग्रजीत गेटचा क्रमांक विचारला. पलीकडच्या बाईंनी मान वर केली, 'बोंझूर, मस्यू' म्हटले आणि त्या थांबल्या. त्या कशासाठी थांबल्या आहेत हे गृहस्थांना कळले नाही. त्यांनी तोच प्रश्न अधिक मोठ्याने विचारला आणि त्यांना दोन शब्दांत उत्तर मिळाले. त्यांच्यामागून आजीचे बोट सोडून दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पुढे झाली. तिने 'बोंझूर, मादाम' म्हटले आणि हातातला कागद काचेला लावला. एक शब्दही पुढे बोलली नाही. त्याच बाई कक्षाबाहेर आल्या आणि लिफ्टच्या दारापर्यंत दोघींना सोडून आल्या.

तेव्हा आधी 'बोंझूर, मादाम' किंवा 'बोंझूर, मस्यू', संध्याकाळनंतर 'बोंस्वार'. उत्तरादाखल तोच शब्द ऐकू येईपर्यंत क्षणभर थांबावे. मग 'पार्ले व्हू आंग्ले?', म्हणजे 'आपल्याला इंग्रजी येते का?', असे विचारून पुढचे सारे खुशाल इंग्रजीत बोलावे. निघताना 'मेर्सी, ओ रव्हार' म्हणावे. एकाच माणसाला त्याच दिवशी पुन्हा 'बोंझूर' म्हणण्याची पद्धत मात्र नाही; आपण त्याला विसरलो, असा त्याचा समज होतो. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही : फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'व्हू'. विमानतळावर सर्वांना 'व्हू'च म्हणावे. 'कृपया' या अर्थाच्या 'सिल व्हू प्ले' या शब्दसमूहात हे आदरार्थी सर्वनाम आधीच आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'आपल्याला रुचत असेल तर' असा होतो.

प्रश्न : देवनागरीत लिहिलेले फ्रेंच उच्चार वाचून बोलले तर समोरच्याला कळते का? मोबाइलवर ऐकलेला उच्चार आणि लिहिलेला उच्चार यांचा मेळ बसत नाही.

उत्तर : पुष्कळसे कळते, आणि काही बाबतींत इंग्रजी भाषकापेक्षा मराठी भाषकाचे अधिक चांगले कळते. फ्रेंचमधील त आणि द हे दातांना जीभ लावून उच्चारायचे वर्ण आहेत, अगदी आपल्या त-द सारखे. प आणि क यांच्यासोबत हवेचा फुत्कारही नसतो. इंग्रजीच्या सवयीने आपण 'टॅक्सी', 'टर्मिनल', 'टॉयलेट' म्हणतो. फ्रेंच माणूस 'ताक्सी', 'तेर्मिनाल', 'त्वालेत' म्हणतो. तेव्हा ट आणि ड सोडून त आणि द धरले, की अर्धे काम झाले. शब्दाच्या शेवटचे व्यंजन बहुधा गिळलेले असते. 'पारी' म्हणजे पॅरिस आणि 'देपार' म्हणजे प्रस्थान, जरी लिहिताना पहिल्या शब्दाच्या शेवटी स आणि दुसऱ्याच्या शेवटी त असतो.

अडचणी तीन आहेत. पहिली अनुनासिकाची. 'बोंझूर'मधील अनुस्वार 'आनंद'मधल्यासारखा न-कार करून म्हणू नये. 'अंश' किंवा 'हंस' म्हणताना जीभ टाळूला न टेकता स्वरच नाकातून जातो, तसा तो जावा. दुसरी र-काराची. फ्रेंच र गुळणी करताना घशात होणाऱ्या आवाजाच्या जवळचा आहे. पण आपला र म्हटला तरी सर्वांना समजतो, त्यामुळे त्यासाठी घसा दुखवून घेऊ नये. तिसरी अडचण खरी. येथे मी 'यू' असा लिहिला आहे तो स्वर मराठीत नाही : ओठ 'ऊ'साठी करतो तसे गोल करावेत आणि आतून 'ई' म्हणावी. याचा सराव आरशासमोर जरूर करावा, कारण विमानतळावर त्याचे काम पडते. 'ओ दस्यू' म्हणजे वरच्या बाजूला आणि 'ओ दसू' म्हणजे खालच्या बाजूला. दोहोंत फक्त याच स्वराचा फरक आहे, आणि जिन्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला तो एका मजल्याएवढा पडतो.

प्रश्न : आकडे आणि वेळ ऐकून समजत नाही. सत्तरनंतर तर सारेच अवघड वाटते. काही युक्ती आहे का?

उत्तर : हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. विमानतळावर जे जे ऐकायचे असते, म्हणजे गेट, वेळ, उड्डाणाचा क्रमांक, सामानाचा पट्टा, ते सगळे आकड्यांतच असते. वाक्ये पाठ करण्यासाठी ठेवलेला वेळ निम्मा करून तो आकडे ऐकण्याला द्यावा.

फ्रान्समधील फ्रेंचमध्ये सत्तरला 'साठ-दहा' म्हणतात : 'स्वासांत-दीस'. बहात्तर म्हणजे 'साठ-बारा', 'स्वासांत-दूझ'. ऐंशी म्हणजे 'चार-वीस', 'कात्र-व्हां', आणि ब्याण्णव म्हणजे 'चार-वीस-बारा', 'कात्र-व्हां-दूझ'. विसांनी मोजण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही. 'चार विसा ऐंशी' असा हिशेब मराठीत जुनी माणसे करीतच असत, आणि एकोणऐंशीला 'ऐंशीला एक कमी' म्हणणाऱ्यांनी या पद्धतीला बिचकण्याचे कारण नाही. ऐकताना मात्र घाई करू नये. फ्रान्समध्ये दूरध्वनी क्रमांक दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. 'स्वासांत' ऐकताच आपण ६० लिहून मोकळे होतो आणि मागून 'दूझ' आल्यावर खाडाखोड करावी लागते. 'स्वासांत' किंवा 'कात्र-व्हां' ऐकले, की पेन उचलून धरावे आणि जोडी पूर्ण होऊ द्यावी. जिनिव्हा किंवा ब्रसेल्सला जाणाऱ्यांचे काम थोडे सोपे आहे : तेथे सत्तरला 'सेप्तांत' आणि नव्वदला 'नोनांत' असे सरळ शब्द आहेत. ऐंशी मात्र दोन्ही ठिकाणी 'कात्र-व्हां'च.

वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने सांगतात. दुपारचे अडीच म्हणजे 'कातोर्झर त्रांत', चौदा वाजून तीस मिनिटे. सर्वांत घातक जोडी दोन आणि बारा यांची. दोन तास म्हणजे 'दझर', बारा तास म्हणजे 'दूझर'. एका रात्री प्रतीक्षा कक्षात माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध प्रवाशाने घोषणेतले 'दझर द रतार', म्हणजे 'दोन तास उशीर', हे शब्द बारा तास असे ऐकले, आणि ते हॉटेल शोधायला सामानासह निघाले. मी त्यांना थांबवले, आम्ही दोघे काउंटरवर गेलो आणि वही पुढे केली. कर्मचाऱ्याने त्यावर २ हा आकडा लिहून त्याभोवती गोल काढला. उशिराविषयी काहीही कानावर पडले, तर ते लिहून घेतल्याशिवाय जागचे हलू नये.

अक्षरांतही एक सापळा आहे. फ्रेंच वर्णमालेत जी या अक्षराला 'झे' म्हणतात आणि जे या अक्षराला 'झी', म्हणजे इंग्रजीच्या नेमके उलट. आय या अक्षराला 'ई' म्हणतात, आणि ई या अक्षराला ओठ गोल करून म्हटलेला 'अ'. शार्ल द गोलच्या टर्मिनल २ चे ए पासून जी पर्यंत भाग आहेत, आणि त्यांतील २ जी हा भाग इतरांपासून दूर असून तेथे बसने जावे लागते. कोणी 'द झे' म्हटले, की ते २ जी आहे, हे ध्यानात असावे. काउंटरवर स्वतःचे आडनाव अक्षर-अक्षर सांगावे लागते, म्हणून निदान आपल्या आडनावातील अक्षरांची फ्रेंच नावे तरी घरून पाठ करून जावीत.

प्रश्न : पाट्यांवर इंग्रजी असते, मग फ्रेंच शब्द शिकण्याची गरज काय?

उत्तर : मोठ्या विमानतळांवर मुख्य पाट्यांवर इंग्रजी असते, हे खरे. तरी 'सोर्ती' आणि 'कोरेस्पोंदांस' हे दोन शब्द नजरेत बसलेले असावेत. पहिल्याचा अर्थ बाहेर जाण्याचा मार्ग आणि दुसऱ्याचा अर्थ पुढच्या विमानाकडे जाण्याचा मार्ग. पुढचे विमान गाठायचे असताना गर्दीच्या ओघात 'सोर्ती'कडे वळलेला प्रवासी बाहेर पडून बसतो, आणि मग सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्याला पुन्हा उभे राहावे लागते. 'नाव्हेत' म्हणजे टर्मिनलांमधून फिरणारी बस किंवा गाडी, आणि फलकावर विमानापुढे 'आन्यूले' दिसले तर ते रद्द झाले आहे.

इंग्रजीशी मिळत्याजुळत्या शब्दांनी अधिक घोटाळा होतो. 'लोकास्यों' म्हणजे ठिकाण नव्हे, भाड्याने देणे; तेथे भाड्याच्या मोटारी मिळतात. 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचे दुकान. 'एतिकेत' म्हणजे शिष्टाचार हा अर्थ आहेच, पण सामानाच्या काउंटरवर तो शब्द बॅगेला लावलेल्या चिठ्ठीसाठी असतो.

प्रश्न : सुरक्षा तपासणी आणि पासपोर्ट तपासणी यांची धास्ती वाटते. तेथे काय विचारतात?

उत्तर : तेथे बोलावे कमी लागते, ऐकावे अधिक लागते, आणि आज्ञार्थी शब्द मोजकेच असतात. 'व्हिदे व्हो पोश' म्हणजे खिसे रिकामे करा. 'सांत्यूर' म्हणजे पट्टा, 'शोस्यूर' म्हणजे पादत्राणे, 'ऑर्दिनातर' म्हणजे संगणक. 'आव्हांसे' म्हणजे पुढे या. पासपोर्ट तपासणीत 'कोंब्यां द तां?', म्हणजे 'किती दिवसांसाठी?', असा प्रश्न येऊ शकतो; त्याला 'दी झूर', म्हणजे 'दहा दिवस', एवढे उत्तर पुरे होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या, म्हणजे आपसांत सीमा तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या, सीमेवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून तीत युरोपीय संघाबाहेरून अल्पकाळासाठी येणाऱ्या प्रवाशांचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतात. तेथे 'द्वा' म्हणजे बोटे आणि 'रगार्दे' म्हणजे पाहा, हे शब्द ओळखीचे असले की मन स्थिर राहते. अधिकाऱ्यांना इंग्रजी समजते. परवानगीशी, व्हिसाशी किंवा मुक्कामाशी संबंधित कोणतीही गोष्ट अर्धवट फ्रेंचमध्ये सांगू नये.

प्रश्न : आमची बॅग पट्ट्यावर आलीच नाही, आणि तेथील फ्रेंच फॉर्ममध्ये 'व्होल' हा शब्द पाहून गोंधळ झाला. शब्दकोशात त्याचा अर्थ चोरी असा दिला आहे!

उत्तर : शब्दकोश बरोबर आहे आणि फॉर्मही बरोबर आहे. 'व्होल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, उड्डाण आणि चोरी. विमान कंपनीच्या फॉर्मवर 'न्यूमेरो द व्होल' असेल तेथे विमानाचा क्रमांक लिहावा. पोलिसांकडील 'देक्लारास्यों द व्होल' म्हणजे मात्र चोरीची तक्रार. बॅग पोहोचली नाही तर ती चोरीला गेली असे धरून चालू नये. विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच सामानाच्या कक्षात जाऊन म्हणावे : 'बोंझूर. मा व्हालीझ ने पा झारीव्हे', म्हणजे 'माझी बॅग आलेली नाही'. लगेच 'एतिकेत' मागतील. बोर्डिंग पाससोबत दिलेली चिठ्ठी पुढे करावी. मग रंग विचारतील. 'व्हालीझ' हा शब्द आपल्या 'बॅग'प्रमाणे स्त्रीलिंगी आहे, म्हणून काळी बॅग 'न्वार', करडी 'ग्रीझ', लाल 'रूझ'. शेवटी पत्ता लिहिलेला कागद द्यावा आणि 'व्ह्वासी लाद्रेस' म्हणावे. बॅगेचे छायाचित्र मोबाइलमध्ये असले, तर यातील निम्मे शब्दही लागत नाहीत. तक्रारीच्या नोंदीची प्रत घेतल्याशिवाय निघू नये. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार बॅगेची मोडतोड झाली असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि ती उशिरा मिळाली असेल तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.

प्रश्न : मी मॉन्ट्रियलला जाणार आहे. पॅरिसची फ्रेंच तेथे चालेल का?

उत्तर : निश्चित चालेल, आणि विमानतळावर सर्व सेवा इंग्रजीतही मिळतील. उच्चार वेगळा वाटेल, त्याची भीती बाळगू नये. दोन शब्दांकडे लक्ष असावे. आपण 'मेर्सी' म्हटल्यावर तेथे 'ब्यांव्हन्यू' असे उत्तर येते. फ्रान्समध्ये त्याचा अर्थ 'सुस्वागतम्' असतो, तेथे तो 'त्यात काय एवढे' असाही आहे. दुसरे म्हणजे 'देझने' फ्रान्समध्ये दुपारचे जेवण असते, तर मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये सकाळची न्याहारी. क्वेबेकमधील दुपारचे जेवण म्हणजे 'दीने'. विमानाला उशीर झाल्यावर जेवणाचे कूपन हाती आले, तर ते कोणत्या वेळेचे आहे ते यावरून कळेल.

प्रश्न : आईचे वय ब्याऐंशी आहे. ती एकटी पॅरिसमार्गे प्रवास करणार आहे. तिला एकही परकी भाषा येत नाही. तिने काय शिकावे?

उत्तर : त्यांच्यासाठी शिकण्यापेक्षा आधीची व्यवस्था महत्त्वाची आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार चालण्यास अडचण असलेल्या प्रवाशांना विमानतळावर मदतनीस आणि चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते. त्यासाठी निदान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावे आणि तशी नोंद झाल्याची खात्री करावी. त्यांना केवळ 'बोंझूर' आणि 'मेर्सी' शिकवावे. बाकी सारे जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत फ्रेंच आणि इंग्रजीत लिहून गळ्यात अडकवता येईल असे द्यावे : त्यांचे नाव, पुढच्या विमानाचा क्रमांक, 'मला फक्त मराठी समजते' हे वाक्य, 'फोतय रूलां', म्हणजे चाकांची खुर्ची, मागवलेली आहे अशी नोंद, औषधांची नावे आणि आपला दूरध्वनी क्रमांक. त्याच पुठ्ठ्याच्या मागे मराठीत लिहावे, की खुर्ची आणणारा माणूस येईपर्यंत विमानाच्या दारापासून एकटीने पुढे जायचे नाही, आणि तो दुसऱ्या प्रवाशाला घेऊन जाऊ लागला तर हा पुठ्ठा त्याला दाखवायचा.